लिबीच्या चाकावर आर्डिस

आर्डिस मरेशला लारू बंदरात सगळे ओळखायचे, पण बहुतेक पाठमोरी. क्लेटस मरेशच्या ‘लिबी’ बोटीच्या मागच्या टोकाला वाकून काहीतरी बांधणारी, सोडवणारी, धुणारी, निळ्या रबरी विजारीतली रुंद बाई, एवढीच तिची ओळख. चेहरा पुढे करून उभा राहायचा तो क्लेटस. चाक त्याच्या हातात, रेडिओ त्याच्या तोंडाशी, आणि पैसे देऊन मासेमारीला येणाऱ्या गिऱ्हाइकांच्या पाठीवर पडणारी थापही त्याचीच. बाकीचं सगळं आर्डिसचं.

बाकीचं म्हणजे पुष्कळ होतं. बोटीच्या मागच्या काठावर चार रहाट बसवलेले होते. प्रत्येक रहाटाच्या पोलादी तारेला शिशाचा जड गोळा, गोळ्याच्या वर चिमटा, आणि चिमट्यात गळाचा दोरा. गोळा दोऱ्याला हवं तेवढं खोल नेतो, बोट पायी चालल्यासारखी हळू पुढे सरकते, आणि दोऱ्याच्या टोकाला पत्र्याचा चमचा जखमी मासोळीसारखा लुकलुकत मागून येतो. मोठा मासा त्याला झोंबला की दोरा चिमट्यातून सुटतो, ताणलेला रॉड ताडकन सरळ होतो आणि पुढच्याच क्षणी पाण्याकडे कमान होतो. ते रहाट फिरवणं, ते चमचे निवडणं, गुंतलेले दोरे सोडवणं, मासा झोळीत घेणं, त्याला बर्फात ठेवणं, धक्क्यावर आल्यावर त्याचं पोट साफ करणं हे आर्डिसचं काम. ‘लागला! लागला!’ असं ओरडणं हे क्लेटसचं.

ती मूळची सरोवरावरची नव्हतीच. बंदरापासून थोड्या आतल्या बाजूच्या एका गोठ्यात तिचं बालपण गेलं. लग्न होईपर्यंत तिनं मिशिगन सरोवर फक्त चर्चच्या सहलीला पाहिलं होतं, तेही चपला हातात धरून. मरेशांच्या घरात आली ती सासूच्या हाताखाली. सासूचं नाव लिबी. सासू वारली त्याच वर्षी क्लेटसनं बोट घेतली आणि तिला आईचं नाव दिलं. त्यामुळे आर्डिसची सुटका अशी झालीच नाही. ‘आधी सासूच्या स्वयंपाकघरात, मग सासूच्या पोटात,’ असं ती नणंदेला म्हणायची, आणि नणंद, म्हणजे क्लेटसची बहीण लव्हर्न, हसता हसता खोकायची.

त्या वर्षी मार्चमध्ये क्लेटसला अर्धांगाचा झटका आला. पंधरा दिवस मॅनिटोवॉकच्या इस्पितळात काढून तो घरी आला तेव्हा उजवा हात मांडीवर ठेवला तिथेच राहायचा आणि उजवा पाय फरफटायचा. जीभ मात्र शाबूत होती.

“बोट ड्वेनला देतो,” तो एका सकाळी म्हणाला. ड्वेन त्याच्या थोरल्या भावाचा मुलगा, शेबॉयगनला असायचा. वय चाळिशीकडे झुकलेलं, डोळ्यांवर सोनेरी काड्यांचा काळा चष्मा. “तो तिकडे नेऊन चालवेल.”

“मी चालवते,” आर्डिस म्हणाली.

“तू?”

“कप्तानाचा परवाना आहे माझ्याकडे. तूच काढायला लावलास.”

“तो मी पाण्यात पडलो तर बोट घरी आणायला. मासे शोधायला नाही. चाक फिरवणं वेगळं आणि मासा सापडणं वेगळं.”

तो तोंडाने असं म्हणाला, पण बोट देऊन टाकून गावातल्या रिकामटेकड्यांबरोबर पेट्रोलपंपावर बसून राहायची कल्पना त्यालाही सोसवत नव्हती. म्हणून जूनमध्ये लिबी निघाली. चाकावर आर्डिस, मागे लव्हर्न. आणि क्लेटसनं स्वयंपाकघरातल्या टेबलावर एक रेडिओ बसवून घेतला.

मग जे सुरू झालं त्याने अख्ख्या बंदराची करमणूक झाली. क्लेटस पावाला लोणी लावता लावता बोट चालवायचा.

“आर्डिस, पूर्वेला घे. अजून. नॉर्बच्या मागे लाग. किती खोल आहेस?”

“नव्वद फूट पाण्यात.”

“नव्वद? तिथं काय करतेयस? दीडशेवर जा.”

ती दीडशेवर जायची. तोवर नॉर्ब गॅन्यनचा ताफा मासे काढून दुसरीकडे गेलेला असायचा. बाकीचे कप्तान हे सगळं ऐकत असत. मधूनच कोणीतरी बारीक आवाजात म्हणायचं, “आर्डिस, डावीकडे वळताना त्याला विचार, ओव्हन बंद केलाय का?” आणि सगळ्या सरोवरावर खसखस पिकायची.

महिनाभरात लिबीचा फळा रिकामा पडू लागला. प्रत्येक बोटीचा धक्क्यावर एक फळा होता, वर बोटीचं नाव आणि खाली खिळ्यांची रांग. दिवसाचे मासे तिथे टांगायचे, आणि संध्याकाळी गाव आइस्क्रीम खात तिथून फिरायचं. लारूत कोणाची काय लायकी, हे त्या खिळ्यांवर कळायचं. लिबीच्या फळ्यावर दोन ट्राउट लोंबत असले की लोक नजर वळवून पुढे जायचे, मयताच्या घरासमोरून जावं तसे.

जुलैच्या मध्यात क्लेटसनं निकाल लावला.

“शनिवारी बंदराची जत्रा आहे. सगळं गाव फळे बघणार. त्या दिवशी लिबीचा फळा रिकामा राहिला, तर रविवारी ड्वेन येऊन बोट घेऊन जाईल. मी त्याला तसं सांगितलंय.”

आर्डिस कणीक मळत होती. तिनं हात थांबवले नाहीत.

“आणि भरला तर?”

“भरला तर बघू.”

“बघू नाही. भरला तर लिबी इथंच राहील आणि चाकावर मी. आणि शनिवारी हा रेडिओ फक्त ऐकेल. बोलणार नाही.”

“म्हणजे मी गप्प बसायचं?”

“हो.”

क्लेटसनं रेडिओकडे पाहिलं. शेवटी म्हणाला, “ठीक आहे. पण जायचं नॉर्बच्या मागे.”

तिनं कणकेवर ओला फडका टाकला.

शुक्रवारी संध्याकाळी ती शेपू घालून खारवायच्या काकड्या धूत होती. दोन दिवस पश्चिमेचा वारा सुटला होता. अंगणातले कपडे सरोवराच्या दिशेनं ताठ उडत होते. काकड्यांची दुसरी पाटी नळाखाली धरली आणि तिची बोटं ठणकली. तिनं हात बाहेर काढून पाहिला. बोटांची टोकं लाल झाली होती.

लारूच्या नळाला सरोवराचंच पाणी येतं. पोहायच्या किनाऱ्यासमोर, बरंच आत, तळाशी पाइपाचं तोंड आहे. जुलैत ते पाणी कोमट असतं, लिंबूपाण्यात बर्फ घालावा लागतो. पण पश्चिमेचा वारा दोन दिवस धरून राहिला की तो सरोवरावरची उबदार साय पूर्वेकडे ढकलून देतो, आणि तळाचं गारढोण पाणी किनाऱ्यापाशी वर येतं. गार पाण्यामागे छोट्या मासोळ्यांचा चारा येतो आणि चाऱ्यामागे सॅल्मन. हे आर्डिसला कोणी शिकवलं नव्हतं. इतकी वर्षं दिवसा मासे आणि संध्याकाळी भांडी धुणाऱ्या बाईला ते आपोआप कळलं होतं. ज्या आठवड्यात हात ठणकायचे, त्या आठवड्यात किनाऱ्याजवळून काठीनं गळ टाकणारी पोरं बंदराच्या भिंतीवरून मोठे मासे ओढून काढायची, आणि मोठ्या बोटी दूरवरून हात हलवत परतायच्या.

“नळाचं पाणी गार झालंय,” ती म्हणाली.

क्लेटस टेबलापाशी रेडिओचा कान पिळत होता. “मासे सरोवरात असतात, आर्डिस. नळात नाही.”

हे तो दरवर्षी म्हणायचा. दरवर्षी ती ‘बरं’ म्हणायची, कारण चाक त्याच्या हातात होतं. या वेळी ती ‘बरं’ म्हणाली नाही. उरलेल्या काकड्या तशाच पाटीत ठेवून तिनं लव्हर्नला फोन केला.

“उद्या जाड बनियन घाल. आणि हिरवे-रुपेरी चमचे सगळे काढ, ठोके मारलेले.”

“कुठं जायचंय, ध्रुवावर?”

“पोहायच्या किनाऱ्यासमोर.”

“क्लेटसला माहीत आहे?”

“त्याला उद्या कळेल.”

“अगं बाई,” लव्हर्न म्हणाली, पण आवाजात आनंद मावत नव्हता.

शनिवारी उजाडताना धक्क्यावर गिऱ्हाइकं हजर होती. एवाल्ड ब्रांट नावाचे निवृत्त चीजवाले, ऐंशी वर्षांचे, ओठ मुडपून उभे, आणि त्यांच्या दोन मुली, रेनाटा आणि जोएला. वाढदिवसाची भेट म्हणून मुलींनी त्यांना आणलं होतं. ही भेट त्यांना नको होती हे त्यांच्या टोपीवरूनही दिसत होतं.

“कप्तान कुठाय?” त्यांनी विचारलं.

“मीच,” आर्डिस म्हणाली.

त्यांनी मुलींकडे पाहिलं. “स्वस्तातली काढली वाटतं.”

“पा!” रेनाटा ओरडली.

नॉर्ब गॅन्यन शेजारच्या बोटीवरून वाकला. मोठ्या पोटाचा, मोठ्या आवाजाचा, क्लेटसचा शाळेपासूनचा मित्र. माणूस मनानं चांगला होता. “आर्डिस, काल पाण्याखालच्या कड्यापलीकडे, दीडशे फुटांवर नुसता धुमाकूळ होता. माझ्या मागं राहा. बोट नजरेआड होऊ देऊ नकोस. आज तुझा फळा आपण भरू.”

“देव तुझं भलं करो, नॉर्ब,” ती म्हणाली. ते तिनं मनापासूनच म्हटलं.

बोटी एकामागून एक बंदराच्या तोंडातून बाहेर पडल्या आणि उगवत्या सूर्याकडे रांगेनं निघाल्या. लिबी त्यांच्या मागे बाहेर पडली, आणि दीपगृह ओलांडताच आर्डिसनं चाक उजवीकडे फिरवलं. किनारा इतका जवळ होता की वाळूतली कचऱ्याची पिंपं दिसत होती.

“त्या सगळ्या बोटी तिकडे गेल्या,” मिस्टर ब्रांट म्हणाले.

“हो.”

“आणि आपण इकडे.”

“हो.”

“का?”

“कारण आपण त्या बोटींत नाही, मिस्टर ब्रांट,” मागून लव्हर्न म्हणाली. “बसा. हे गोड पाव खा, कोलाचे. खसखशीचे आहेत.”

आर्डिसनं एका गोळ्याला थर्मामीटर बांधून खाली सोडला. वरचं पाणी गारच होतं, पण खाली तीस फुटांवर ते जवळजवळ हिवाळ्यासारखं. मासे दाखवणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर चाऱ्याचे ढग आणि ढगांखाली मोठ्या माशांच्या जाड जाड कमानी. तिनं चारही गोळे उतरवायला सांगितले आणि वेगाच्या काट्यावर नजर ठेवून दक्षिणेला चाल धरली.

काहीच लागलं नाही.

ती किनाऱ्याच्या टोकापर्यंत गेली. मासे पडद्यावर खच्चून दिसत होते, पण रॉड खांबासारखे उभे. लव्हर्ननं चमचे बदलले. हिरव्याचा निळा केला, निळ्याचा पुन्हा हिरवा. जोएलानं डुलकी घेतली. किनाऱ्यावर लोक येऊ लागले. एक बाई गुडघ्यापर्यंत पाण्यात शिरली आणि किंचाळत बाहेर पळाली.

“निदान तिला तरी काहीतरी चावलं,” मिस्टर ब्रांट म्हणाले.

रेडिओवर नॉर्बचा आवाज आला, “आर्डिस, दिसत नाहीस गं. कुठं आहेस?” तिनं उत्तर दिलं नाही. स्वयंपाकघरातला रेडिओही गप्प होता. क्लेटस दिलेला शब्द पाळत होता, आणि तेच तिला जास्त जड जात होतं. तो ओरडला असता तर निदान चिडता आलं असतं. तिला वाटलं, आत्ता वळले तरी तासाभरात ताफ्याजवळ पोचेन. दोन मासे मिळतील. तीन. फळा अगदीच रिकामा राहणार नाही. घामाने चाक बुळबुळीत झालं होतं.

तिनं मागे वळून पाहिलं, लव्हर्नकडे नव्हे, रहाटांच्या तारांकडे. वर्षानुवर्षं तिची जागा तिथेच होती. चाकावर बसून पुढे बघायची सवय तिला अजून लागली नव्हती, आणि त्या दिवशी ते बरंच झालं. तारा सरळ खाली लोंबत होत्या. दगड बांधलेल्या कपड्यांच्या दोरीसारख्या. काटा नेहमीचा वेग दाखवत होता, तर तारा मागे कलायला हव्या होत्या. त्यांचा तो बारीक गुणगुणणारा आवाज यायला हवा होता.

“लव्हर्न, तार हाताला लागतेय का?”

लव्हर्ननं एक बोट तारेवर ठेवलं. “मेलेली आहे.”

म्हणजे खालचं पाणी बोटीच्याच दिशेनं धावत होतं. वरच्या काट्याला ते कुठून कळणार? चमचे लुकलुकत नव्हते, नुसते पाण्याबरोबर वाहत होते, सिंकमध्ये पडल्यासारखे. मासे त्यांच्याकडे बघत होते आणि जांभया देत होते.

आर्डिसनं काट्यावर आपली टोपी ठेवून तो झाकला आणि चाक पूर्ण फिरवलं. लिबी मोठं वळण घेऊन उत्तरेला तोंड करून उभी राहिली. तिनं इंजिनाला थोडा जोर दिला आणि मान मागे वळवून तारा बघत राहिली. त्या हळूहळू कलल्या. अजून. आणि मग गुणगुणायला लागल्या, चारही, वेगवेगळ्या सुरांत.

“आता,” ती स्वतःशीच म्हणाली.

डावीकडचा रॉड उडाला. लव्हर्न तिकडे झेपावते तोवर उजवीकडचा. मग मधला.

“लागला!” आर्डिस ओरडली. तिला आपला आवाज एवढा मोठा आहे हे माहीत नव्हतं. “लागला! तीन आहेत! रेनाटा, डावा घे! जोएला, ऊठ गं, झोपतेस काय! मिस्टर ब्रांट, कोलाचे खाली ठेवा!”

पुढचे दोन-अडीच तास लिबीवर कोणी बसलं नाही. रिळं किंचाळत होती, लव्हर्न झोळी घेऊन एका काठावरून दुसऱ्या काठावर धावत होती, बर्फाची पेटी भरून दुसरी उघडली. आर्डिस उत्तरेला ओढत न्यायची, माश्यांवरून पुढे निघाली की गोळे वर घेऊन झटकन दक्षिणेला पळत जायची, आणि पुन्हा उत्तरेला. काट्यावरची टोपी तिनं उचललीच नाही.

“लिबी, लिबी,” रेडिओवर नॉर्ब. आवाज थकलेला. “इथं काही नाही. कालचं पाणीच नाही इथं. तुझं काय?”

लारूच्या रेडिओवर मोसमात कोणी खरं बोलत नाही. ज्याच्या पेटीत वीस मासे तो ‘वाईट दिवस’ म्हणतो, आणि वीस फुटांवर मासा असेल तर शंभर सांगतो. यात कोणाला पाप वाटत नाही. ऐकणारेही उलटं करून ऐकतात. आर्डिसला हे माहीत होतं. पण सकाळी धक्क्यावर नॉर्ब तिच्याशी खरं बोलला होता.

तिनं माइक उचलला. “चाळीस फूट पाण्यात आहे. पोहायच्या किनाऱ्यासमोर. गोळे तीसवर, हिरवे-रुपेरी चमचे, फक्त उत्तरेला ओढायचं. पहिली पेटी भरली.”

मग एकाच वेळी सगळ्यांचं हसू फुटलं.

“शाब्बास! आर्डिसही शिकली!”

“पोहणाऱ्या पोरांच्या पायांखाली, काय?”

“आणि माझ्या बादलीत देवमासा आहे,” नॉर्ब म्हणाला. “बरं, सांगायचं नसेल तर राहू दे गं.”

“नॉर्ब, खरं सांगतेय. चाळीस फूट.”

हसण्याचा दुसरा लोंढा आला. तिनं माइक जागेवर ठेवला. एकही बोट वळली नाही.

एका माणसाचा मात्र विश्वास बसला. थोड्या वेळानं लव्हर्न झोळी धरल्या धरल्या किनाऱ्याकडे बघत थबकली.

“आर्डिस, तो बघ. माझा भाऊ पाण्यात उभा आहे. पायजम्यात.”

क्लेटसच होता तो. घरापासून उतारानं काठी टेकत, सपाता घालून खाली आला होता, आणि घोट्यापर्यंत बर्फासारख्या पाण्यात उभा राहून काहीतरी ओरडत होता. आजूबाजूची पोरं त्याच्याकडे बघत होती.

“काय म्हणतोय?” आर्डिसनं विचारलं.

“ऐकू येत नाही. उजवीकडे घे म्हणत असणार.”

तेवढ्यात मिस्टर ब्रांट यांचा रॉड एवढा वाकला की टोक पाण्यात बुडालं. रिळातून दोरा सूं करून सुटला. त्यांची टोपी उडाली, ओठ उघडले, आणि त्या दिवसातला त्यांचा पहिला उत्साही शब्द बाहेर आला, जो मुलींनी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

“किंग सॅल्मन आहे,” लव्हर्न म्हणाली. “भला मोठा.”

मासा किनाऱ्याच्या दिशेनं निघाला होता. समोर पोहणाऱ्यांसाठी बांधलेला दोर, त्याला लाल-पांढऱ्या तरंगत्या गोळ्या. मासा त्या दोराला वळसा घालून गेला की गळाचा दोरा क्षणात कापला जाणार.

“लव्हर्न, सगळे गोळे वर! बाकीचे दोरे आत!” आर्डिसनं इंजिन पार मंद केलं, बोटीचं तोंड खोल पाण्याकडे वळवलं आणि मागे बघत, दोऱ्याचा ताण डोळ्यांनी मोजत, एकेक हात पुढे सरकली. जोरात गेली तर दोरा तुटेल, थांबली तर मासा लाल-पांढऱ्या दोरात शिरेल. “मिस्टर ब्रांट, रीळ फिरवू नका. नुसते धरून राहा.”

“धरलंय!”

“टोक वर!”

“वरच आहे, बाई! मी ऐंशी वर्षांचा आहे, तेवढंच वर जातं!”

“मग तेवढंच धरा.”

लिबी इंच इंच बाहेर सरकत होती. मासा लाल गोळीपाशी उसळला, रुपेरी पाठ सगळ्या किनाऱ्याला दिसली, आणि वाळूवरची माणसं उभी राहिली. मग ताण त्याच्या डोक्याला लागला. डोकं वळलं. तो बोटीमागून निघाला, खोल पाण्याकडे, नाइलाजानं, दोरीनं ओढलेल्या खोंडासारखा. गोठ्यातल्या पोरीला ती चाल ओळखीची होती.

“आता फिरवा,” ती म्हणाली.

झोळीत मासा आला तेव्हा लव्हर्नला एकटीनं तो उचलेना. रेनाटानं हात लावला. मिस्टर ब्रांट फळीवर बसले आणि बराच वेळ त्या माशाकडे बघत राहिले. मग त्यांनी आर्डिसपुढे हात केला. किनाऱ्यावर टाळ्या वाजत होत्या, आणि क्लेटस काठी डाव्या हातात उंच धरून उभा होता, एका पायावर तोल सांभाळत. लव्हर्न म्हणाली, “पडेल मेला,” आणि डोळे पुसले.

दुपारी धक्क्यावर बँड वाजत होता आणि मोठ्या हंड्यांत शिजणाऱ्या चिकन बुया रश्शाचा वास सुटला होता. लिबीच्या फळ्यावर एकही खिळा मोकळा राहिला नाही. उरलेले मासे लव्हर्ननं खाली ओल्या पोत्यावर मांडले. आइस्क्रीम हातात वितळत होती आणि गाव हलत नव्हतं. फोटोवाला आला तेव्हा मिस्टर ब्रांट यांनी आर्डिसला दंडाला धरून मधोमध उभं केलं. “स्वस्तातली होती,” ते फोटोवाल्याला म्हणाले, “पण खणखणीत निघाली.”

ताफा परतला. नॉर्बनं बोट बांधली, चालत आला आणि फळ्यासमोर उभा राहिला. त्याच्या स्वतःच्या पेटीत तीन ट्राउट होते.

“चाळीस फूट?” त्यानं विचारलं.

“चाळीस फूट.”

“हे सांगायचं तरी, आर्डिस!”

“सांगितलं. दोनदा.”

आधी त्याच्या मागचे कप्तान हसले, मग तो स्वतः, पोट धरून. “सगळं बंदर साक्षीला आहे,” तो ओरडला, “खरं बोलून हिनं आम्हाला फसवलं!”

गर्दीतून ड्वेन पुढे आला. रविवारपर्यंत त्याला दम निघाला नव्हता. हातात लाकडी पाटी, तिच्यावर नव्या रंगात ‘ड्वेन्स डिलाइट’. फळा बघून त्यानं ती पाटी हळूच पायामागे घेतली.

“काका,” तो क्लेटसला म्हणाला, “एखाद्या दिवशी कोणालाही मासे लागतात. नशिबाचा भाग असतो.”

क्लेटस लव्हर्ननं दिलेल्या घोंगडीत गुंडाळून खुर्चीत बसला होता. पायजमा अजून ओला होता. “नशीब?” तो म्हणाला. “मी पाण्यात उभा होतो रे. मासे पोरांनी हातानं पकडावेत एवढे जवळ होते, आणि अख्खा ताफा मैलोगणती लांब. तिनं खालचं पाणी ओळखून बोट फक्त उत्तरेला ओढली, ती मी या डोळ्यांनी बघितली. नॉर्बनं नसती ओढली. मी तर नाहीच. लिबीला कप्तान आहे. तुझी पाटी दुसऱ्या कशाला तरी लाव.”

एवढं सगळ्यांसमोर बोलायला त्याला किती जड गेलं हे फक्त आर्डिसला कळलं. ती हात पुसत त्याच्याजवळ आली. तिच्या बाहीला माशाचे खवले चिकटले होते.

“ड्वेन,” ती म्हणाली, “मंगळवारची बोट भरलीय. लव्हर्नचे गुडघे दुखतात. झोळी धरता येत असेल तर पहाटे पाचला ये. तो चष्मा घरी ठेव, पाण्यात पडेल.”

ड्वेननं काकाकडे पाहिलं. काकानं आकाशाकडे पाहिलं.

“येतो,” ड्वेन म्हणाला.

गर्दी बुयाकडे वळली तेव्हा क्लेटसनं तिची बाही ओढली. “मंगळवारी मला पण ने.”

“कशाला?”

“बघायला.”

“खुर्ची बांधून देईन मागच्या काठाजवळ. तिथं बसायचं. चाकाकडे बघायचं नाही आणि उजवीकडे-डावीकडे काही म्हणायचं नाही.”

“आणि एखादा रॉड उडाला तर?”

आर्डिसनं जरा विचार केला. नॉर्ब लांबून बुयाचे दोन वाडगे घेऊन तिच्याकडेच येत होता, आणि फळ्यासमोर कोणीतरी अनोळखी माणूस पुढच्या आठवड्यासाठी कप्तान कुठे भेटेल असं विचारत होता.

“तेव्हा ओरड,” ती म्हणाली. “ते तुला छान जमतं.” आणि ती त्या माणसाकडे वळली. “मीच कप्तान. बोला.”